उचलीच्या हंगामातली पोटगी : बीड जिल्ह्याच्या पार्श्वभूमीवरील एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. बीड, धाराशिव आणि जालना या जिल्ह्यांत पोटगीच्या अर्जांना ज्या अडचणी वारंवार येतात, त्या येथे एकाच कुटुंबाच्या हकिकतीत गुंफल्या आहेत. त्यामुळे माणसांची आणि गावांची नावे दिलेली नाहीत. कायद्याच्या तरतुदी आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मात्र जसेच्या तसे आहेत. पगाराची पावती नसलेल्या आणि वर्षातले सहा महिने गावातच नसलेल्या नवऱ्याकडून पोटगी ठरवून घ्यायची कशी आणि ठरल्यावर ती वसूल करायची कशी, एवढ्यापुरताच हा अभ्यास मर्यादित आहे.

वस्तुस्थिती

अर्जदार स्त्रीचे लग्न २०१२ साली झाले. लग्नानंतर सहा हंगाम ती नवऱ्याबरोबर सांगली आणि कोल्हापूरच्या पट्ट्यात ऊसतोडीला जात होती. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोड टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल (हंगामाची आगाऊ रक्कम) घ्यायची, दिवाळीनंतर गाडीत बसायचे, फडाजवळ कोपी टाकून राहायचे आणि पाडव्याच्या आगेमागे गावी परतायचे, असा संसाराचा क्रम होता. मुलगी २०१३ मध्ये आणि मुलगा २०१७ मध्ये झाला. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिची कंबर धरली, मोळी उचलणे जमेना, आणि २०१९ च्या दिवाळीत नवऱ्याने तिला लेकरांसह माहेरी आणून सोडले. ‘पाडव्याला न्यायला येतो’ एवढेच तो म्हणाला होता. पाडवा येऊन गेला तरी तो आला नाही.

माहेरच्यांनी आधी घरातल्या घरात प्रयत्न केले. भाऊ दोनदा जाऊन आला. दुसऱ्या वेळी गावातल्या चार जाणत्यांनी बैठक बसवली आणि शंभर रुपयांच्या मुद्रांकावर फारकतनामा लिहून तिची सही घेतली. उभयतांनी राजीखुशीने फारकत घेतली असून यापुढे पोटगीवर तिचा कोणताही हक्क राहणार नाही, असा त्यातला मजकूर होता. मोबदला म्हणून पंधरा हजार रुपये ठरले होते, आणि त्यांतले पाचच हजार हातात पडले. या कागदाच्या भीतीने पुढचे कित्येक महिने कोणी कोर्टाची पायरी चढले नाही. मराठवाड्यात अशा मुद्रांकांचा धाक कायद्याहून मोठा आहे आणि तो पूर्णतः निराधार आहे. हिंदू विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्याने मोडतो किंवा सिद्ध झालेल्या रूढीने मोडतो. चार पंचांच्या सहीने मोडत नाही. आणि घटस्फोट झाला असे क्षणभर धरले तरी फौजदारी प्रक्रिया संहितेतील पोटगीच्या कलम १२५ मध्ये ‘पत्नी’ या संज्ञेत पुनर्विवाह न केलेली घटस्फोटितही येते. पोटगीचा वैधानिक हक्क सोडून देणारा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याने न्यायालये तो मानत नाहीत, आणि आईच्या सहीने लेकरांचा हक्क तर मुळीच जात नाही.

अर्ज कुठे आणि कोणत्या कायद्याखाली

अर्ज फेब्रुवारी २०२१ मध्ये माहेरच्या तालुक्यातील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात दाखल झाला. नवऱ्याचे गाव दुसऱ्या तालुक्यात असले तरी पत्नी जिथे राहते तिथे अर्ज चालतो, ही कलम १२६ मधील सोय तिच्यासारखीला फार मोलाची आहे, कारण लेकरू काखेत घेऊन दर तारखेला दोन एसटी बदलणे जिला शक्य नाही, तिचा अर्ज गैरहजेरीतच निकाली निघतो. वकील तालुका विधी सेवा समितीकडून मिळाले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय शुल्कही माफ आहे.

कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ खालीही अर्ज करता आला असता. त्यात निवासाचा आदेश मिळतो आणि आर्थिक साहाय्याची रक्कम नवऱ्याच्या मालकाने अथवा ऋणकोने परस्पर जमा करावी, असा आदेशही कलम २०(६) प्रमाणे देता येतो. नोकरदार नवरा असेल तर ही तरतूद रामबाण ठरते. येथे तिचा उपयोग फारसा नव्हता, कारण ऊसतोड कामगाराचे वर्षाचे पैसे कामाआधीच उचलीच्या रूपाने दिलेले असतात. हंगामभर तो मुकादमाचा देणेकरी असतो, मुकादम त्याचा नव्हे. म्हणून वकिलांनी कलम १२५ वरच भर दिला आणि तो निर्णय योग्य होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली असून हीच तरतूद आता तिच्या कलम १४४ मध्ये आहे. आशयात पत्नी आणि मुलांपुरता फरक जवळजवळ नाही, आणि कोर्टाच्या आवारात अजूनही ‘एकशे पंचवीसचा अर्ज’ असेच म्हणतात.

नोटीस

पहिली नोटीस मार्चमध्ये ‘सदर इसम ऊसतोडीकरिता बाहेरगावी गेला असून मिळून आला नाही’ या शेऱ्यासह परत आली. एप्रिल ते जूनमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे कामकाज मर्यादित होते. पावसाळ्यात दुसरी नोटीस गेली, तेव्हा घरच्यांनी ती घेतली नाही. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये, दसऱ्याच्या आठवड्यात, तो गावात उचलीच्या वाटाघाटीसाठी थांबलेला असताना पोलिसांमार्फत बजावणी झाली. अर्ज ते बजावणी यांत आठ महिने गेले. या विलंबाचे खापर यंत्रणेच्या ढिलाईवर सरसकट फोडता येणार नाही. आठापैकी निदान दोन महिने नोटीस चुकीच्या ऋतूत काढल्यामुळे गेले. गावाचा हंगाम ज्याला कळतो त्या वकिलाने तारीखही हंगाम पाहून मागावी. आमच्याकडे हे अजून शिकवले जात नाही.

बचाव

नवऱ्याचे म्हणणे चार मुद्द्यांचे होते. पत्नी स्वतःहून निघून गेली. फारकत झाली आहे. ती शिवणकाम करून कमावते. आणि आपण दुष्काळी भागातील मजूर असून महिन्याला चार हजारांवर प्राप्ती नाही, त्यात म्हातारे आईवडील सांभाळायचे आहेत. त्याच्या वकिलांनी युक्तिवादात ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ असे म्हटले. त्याच वेळी त्याने आपल्या तालुक्याच्या न्यायालयात हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम ९ खाली नांदायला येण्याचा दावाही लावला. फारकत झाली म्हणणे आणि नांदायला ये म्हणणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच महिन्यात प्रतिज्ञेवर सांगितल्या होत्या, आणि ही विसंगती पुढे निकालात नोंदली गेली.

नांदण्याच्या दाव्याचा उपयोग पोटगी अडवण्यासाठी सर्रास होतो, म्हणून त्याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याकडे राहण्यास नकार देणाऱ्या पत्नीला कलम १२५(४) प्रमाणे पोटगी मिळत नाही, हे खरे. परंतु कारण पुरेसे आहे की नाही हे दंडाधिकाऱ्यांनी स्वतंत्रपणे पाहायचे असते, आणि नवऱ्याने दुसरे लग्न केले असेल किंवा दुसरी स्त्री ठेवली असेल तर तेच नकाराचे न्याय्य कारण ठरते, असे कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. नांदायला जाण्याचा हुकूमनामा झाला आणि पत्नीने तो पाळला नाही, एवढ्यावरून पोटगी आपोआप नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये रीना कुमारी विरुद्ध दिनेशकुमार महतो या प्रकरणात पुन्हा सांगितले. शिवणकामाचा मुद्दाही असाच पोकळ होता. ‘स्वतःचे पालनपोषण करण्यास असमर्थ’ याचा अर्थ पूर्णपणे निष्कांचन असा नाही, हे चतुर्भुज विरुद्ध सीताबाई या २००७ च्या निकालापासून पक्के आहे. ब्लाउज शिवून महिन्याला हजार-बाराशे मिळवणारी बाई स्वतःला आणि दोन लेकरांना पोसू शकते असे कोणी मानत नाही.

उत्पन्नाचा पुरावा

प्रकरणाचा खरा गाभा येथे होता. राजनेश विरुद्ध नेहा या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि दायित्वे यांचे शपथपत्र दाखल करणे बंधनकारक केले. त्या निकालासोबत शेती करणाऱ्यांसाठी वेगळा नमुना जोडलेला आहे. त्यात जमिनीचे क्षेत्र आणि हिस्सा, जिरायत की बागायत, कोणती पिके, मागील तीन वर्षांचे उत्पन्न, जनावरे आणि कर्ज अशी माहिती मागितलेली आहे. ग्रामीण न्यायालयांत पुष्कळदा नोकरदारांचाच नमुना भरून दिला जातो आणि ‘पगार – नाही, आयकर – नाही, बँक ठेव – नाही’ असे लिहून नवरा मोकळा होतो. येथेही पहिले शपथपत्र तसेच आले. अर्जदाराच्या वकिलांनी हरकत घेऊन शेतीचा नमुना भरून मागितला, तेव्हा त्यात ‘जमीन – निरंक’ असे लिहून आले.

निरंक कसे, हे पाहण्यासाठी वकिलांनी सातबारा, आठ अ आणि फेरफाराच्या नकला काढल्या. वडिलोपार्जित जमिनीतील नवऱ्याच्या वाट्याचे ०.८० हेक्टर, म्हणजे दोन एकर, नोव्हेंबर २०२१ मध्ये विनामोबदला हक्कसोडपत्राने भावाच्या नावे झाले होते. नोटीस बजावल्यानंतर महिन्याभरात. तीच जमीन पुढच्या दोन्ही खरिपांत तोच कसत होता, हे शेजारच्या शेतकऱ्याने साक्षीत सांगितले, आणि सोयाबीनच्या पीकविम्याची रक्कम भावाच्या खात्यातून त्याच्या खात्यात वळल्याचे बँकेच्या उताऱ्यावर दिसले.

ऊसतोडीचे उत्पन्न सिद्ध करणे याहून अवघड होते, कारण तिथे कागद म्हणजे मुकादमाची वही, आणि ती वही सहसा बाहेर येत नाही. या व्यवसायात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि उचल जोडीवर ठरते. एकटा माणूस गेला तर तो ‘अर्धा कोयता’ धरला जातो आणि त्याला उचलही त्या मानाने कमी मिळते. नवऱ्याचे म्हणणे होते की पत्नी गेल्यापासून आपण अर्ध्या कोयत्यावर जातो.

अर्जदाराची साक्ष या टप्प्यावर निर्णायक ठरली. ती शाळेत सातवीपर्यंतच गेलेली होती, पण सहा हंगाम ती स्वतः त्या कोयत्याची अर्धी बाजू होती. उलटतपासणीत तिला विचारण्यात आले की, नवऱ्याला किती पैसे मिळतात हे तिला कसे माहीत. तिने उत्तर दिले : ‘उचल घेतली तव्हा मी संगंच होते, वहीवर माजा बी अंगठा हाय.’ ऊस कोण तोडतो, मोळ्या कोण बांधतो, गाडी भरताना डोक्यावरून मोळी कोण वाहून नेते, वाढे (उसाचे शेंडे) विकून रोजचा मीठ-मिरचीचा खर्च कसा निघतो आणि हंगामाच्या शेवटी उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर कशी ओढली जाते, हे तिने असे सांगितले की समोरच्या वकिलांनी पुढचे प्रश्न आवरते घेतले. सहीऐवजी अंगठा का, असे न्यायालयाने विचारल्यावर ती म्हणाली की मुकादमाने बायांना सही करू दिलीच नाही.

या साक्षीच्या आधारे मुकादमाला वहीसह हजर राहण्याचे समन्स काढण्यात आले. दोन तारखा तो आला नाही, तिसऱ्या तारखेला आला आणि वही आणली. २०२२ च्या हंगामाच्या पानावर नवऱ्याच्या नावापुढे ‘पूर्ण कोयता’ अशी नोंद होती, एक लाख रुपये उचल दिलेली होती आणि खाली दोन अंगठे होते. एक नवऱ्याचा. दुसरा कोणाचा, यावर मुकादमाने ‘त्याच्या घरच्या बाईचा’ एवढेच सांगितले.

या एका ओळीने दोन गोष्टी झाल्या. एक तर अर्ध्या कोयत्याचा बचाव कोसळला. दुसरे म्हणजे नांदवायला तयार असल्याचे म्हणणे संशयास्पद ठरले. दुसरे लग्न सिद्ध झाले असे न्यायालयाने म्हटले नाही, आणि केवळ वहीवरून तसे म्हणता आलेही नसते, कारण बहीण-भावाचाही कोयता असू शकतो. परंतु घरी राहणारी ती बाई कोण, याचा खुलासा करण्याची जबाबदारी नवऱ्यावर होती. जी गोष्ट एखाद्याच्या खास माहितीतली असते ती त्यानेच शाबीत करायची, हा पुराव्याच्या कायद्यातला जुना नियम आहे. नवऱ्याने खुलासा केला नाही.

आदेश

अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे कलम १२५ मध्ये २००१ च्या दुरुस्तीने घातले आहे. प्रत्यक्षात अंतरिम आदेश जून २०२२ मध्ये झाला : तिघांना मिळून महिना तीन हजार रुपये, अर्जाच्या तारखेपासून. या रकमेत दोन लेकरांचे काय होते, हे कोणीही किराणा दुकानात उभे राहून ताडून पाहावे.

अंतिम आदेश डिसेंबर २०२३ मध्ये झाला. न्यायालयाने नवऱ्याचे उत्पन्न दरमहा सुमारे सतरा हजार धरले. चार हजारांच्या दाव्याबाबत निकालात एक साधे गणित मांडले होते : २०२३-२४ मध्ये रोजगार हमीचा राज्यातील दर दिवसाला २७३ रुपये होता, म्हणजे पंचवीस दिवस खडी फोडणाराही सहा हजार आठशे मिळवतो, मग पूर्ण कोयत्याची उचल घेणारा धडधाकट माणूस चार हजार कसे मिळवतो? शरीराने सक्षम असलेल्या पतीने प्रसंगी अंगमेहनत करूनही पत्नी-मुलांना सांभाळले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या अंजू गर्ग प्रकरणात सांगितलेलेच आहे. पत्नीला साडेतीन हजार आणि प्रत्येक मुलाला दोन हजार, एकूण साडेसात हजार रुपये दरमहा, अर्जाच्या तारखेपासून द्यावेत असा आदेश झाला. पोटगी अर्जाच्या तारखेपासूनच द्यावी, हेही राजनेश प्रकरणातले निर्देश आहेत. त्याआधी आदेशाच्या तारखेपासून देण्याची सवय अनेक न्यायालयांना होती, आणि त्यामुळे विलंब हाच नवऱ्याचा नफा होत असे. नवऱ्याने सत्र न्यायालयात केलेला फेरतपासणी अर्ज स्थगिती न मिळता पडून राहिला.

फेब्रुवारी २०२१ ते डिसेंबर २०२३ या चौतीस महिन्यांचे दोन लाख पंचावन्न हजार झाले. त्यांतून अंतरिम आदेशापोटी आलेले सत्तावीस हजार वजा जाता दोन लाख अठ्ठावीस हजार बाकी राहिले.

वसुली

पोटगीच्या प्रकरणांचे लिखाण सहसा आदेशापाशी थांबते. बाईचे प्रकरण मात्र तिथून पुढे सुरू होते, आणि ते किती दमाने चालवले जाते यावर हातात काय पडणार हे ठरते.

वसुलीच्या अर्जाला मुदत आहे. जी रक्कम ज्या दिवशी देय झाली त्या दिवसापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर कलम १२५(३) चे वॉरंट निघत नाही. हक्क बुडत नाही, दिवाणी मार्ग उरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या पूनगोडी प्रकरणात म्हटले आहे. पण तालुक्याच्या गावी शिवणकाम करणाऱ्या बाईला दिवाणी मार्ग म्हणजे आणखी पाच वर्षे. ‘येतील पैसे, बघू’ म्हणत दीड-दोन वर्षे थांबलेल्या बायांच्या बाक्या अशाच सुटतात. या प्रकरणात वकिलांनी अंतरिम आदेशावर फेब्रुवारी २०२३ मध्ये, अंतिम आदेशावर फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि त्यानंतरच्या महिन्यांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये, असे प्रत्येक वेळी वर्ष उलटण्याआधी अर्ज केले.

तरीही पहिले वॉरंट ‘मिळून आला नाही’ म्हणून परत आले. दुसरे मार्च २०२४ मध्ये तसेच आले. मग लोकसभा निवडणुकीचा बंदोबस्त आला आणि पोलिस ठाण्यात ते कागदांच्या गठ्ठ्यात राहिले. सप्टेंबरमध्ये वकिलांनी नव्याने वॉरंट मागितले आणि अर्जात कारण स्पष्ट लिहिले की, दसऱ्याच्या सुमारास गैरअर्जदार उचल घेण्यासाठी गावी हमखास असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, घटस्थापनेच्या आगेमागे, त्याला न्यायालयात हजर करण्यात आले. त्या दिवशी दुपारी मुकादम स्वतः कोर्टाच्या आवारात आला आणि सत्तर हजार रुपये भरले गेले. मुकादमाला दया आली होती असे नाही. माणूस आत गेला असता तर गाडी भरताना त्याचा एक कोयता कमी पडला असता. ते सत्तर हजार नवऱ्याच्या नावावर उचल म्हणून चढले, म्हणजे वसुली झाली ती एका अर्थी नव्या कर्जातून, आणि हे मला तेव्हाही खटकले होते. पण लेकरांच्या वह्या-पुस्तकांसाठी त्या पैशाचा उगम शोधत बसण्याची चैन कोणालाच परवडणारी नव्हती.

उरलेले एक लाख अठ्ठावन्न हजार हप्त्यांनी फेडण्याची मुभा देण्यात आली. पाडव्यापर्यंत पंचेचाळीस हजार आले आणि नंतर थांबले. याच सुमारास नवऱ्याच्या बाजूने एक नवा युक्तिवाद पुढे आला : अर्जदाराला ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे महिना दीड हजार मिळतात, तेवढी रक्कम पोटगीतून वजा करावी. न्यायालयाने तो फेटाळला. शासनाचे अनुदान हे नवऱ्याच्या कर्तव्याला पर्याय म्हणून दिलेले नसते, एवढेच दोन ओळींत लिहिले, आणि तेवढे पुरेसे होते.

हप्ते थकल्यावर जून २०२५ मध्ये त्याला एक महिन्याचा कारावास झाला. कारावासाने थकबाकी फिटत नाही. तो वसुलीचा मार्ग आहे, शिक्षा नव्हे, हे कुलदीप कौर प्रकरणात १९८८ मध्येच ठरले आहे. एका अर्जावर किती महिने आत ठेवता येईल, याबाबत उच्च न्यायालयांची मते सारखी नाहीत, म्हणून दंडाधिकारी बहुधा एका महिन्यावर थांबतात. येथे मात्र महिन्यांच्या संख्येपेक्षा महिना कोणता, हे महत्त्वाचे होते. जूनमध्ये ऊसतोड नसते, पेरणी भावाने केली, आणि नवरा महिनाभर बीडच्या कारागृहात राहून एक रुपयाही न देता बाहेर आला. ऑक्टोबरातल्या एका दिवसाच्या धाकाने जे साधले होते ते जूनच्या तीस दिवसांनी साधले नाही.

जमिनीच्या बाजूनेही प्रयत्न चालू आहे. पोटगीची बाकी दंडाप्रमाणे वसूल करायची असल्याने दंडाधिकारी जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवून ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्यास सांगू शकतात. तहसीलमार्फत सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढला की जमीन विकणे आणि तिच्यावर पीककर्ज काढणे दोन्ही अडते. येथे अडचण अशी की जमीन आता भावाच्या नावे आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे, जिच्या उत्पन्नातून पोटगी मिळण्याचा हक्क आहे अशी जमीन फुकट दिलेली असेल, तर घेणाऱ्याविरुद्धही तो हक्क बजावता येतो, आणि हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २८ मध्येही तशीच तरतूद आहे. पण त्यासाठी दिवाणी दावा लावून हक्कसोडपत्र विनामोबदला झाले हे शाबीत करावे लागते. तो दावा दाखल झाला आहे. समन्स निघाल्यानंतर भावाने मध्यस्थामार्फत तडजोडीची भाषा सुरू केली असून, दोन एकरांतील एक एकर मुलांच्या नावे करून देण्याचा प्रस्ताव समोर आला आहे. अर्जदाराने तो अद्याप मान्य केलेला नाही, कारण बदल्यात मासिक पोटगी सोडून देण्याची अट त्यात आहे. जिरायत एकराचे वर्षाचे उत्पन्न आणि वर्षाची नव्वद हजार पोटगी यांची तुलना तिने स्वतःच करून वकिलांना सांगितली.

पुढचे काम दोन बाबींचे आहे. मुलगी आता आठवीत गेली असून २०२३ मध्ये ठरलेल्या दोन हजारांत तिचा खर्च भागत नाही, म्हणून वाढीचा अर्ज नव्या संहितेच्या कलम १४६ खाली तयार होत आहे. त्यात शाळेच्या पावत्या आणि मुकादमाच्या वहीचे २०२४ चे पान जोडण्याचा विचार आहे. दुसरी बाब मुलीच्या अठराव्या वर्षाची आहे. कलम १२५, म्हणजे आताचे १४४, अपत्याला साधारणपणे सज्ञान होईपर्यंतच पोटगी देते. अविवाहित मुलीला त्यानंतर वडिलांकडून निर्वाहखर्च मागायचा असेल, तर तो हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या कलम २०(३) खाली मागावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या अभिलाषा प्रकरणात स्पष्ट केले आहे. तो अर्ज मुलीने स्वतःच्या नावाने करायचा असल्याने तिचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आताच्या आदेशाची साक्षांकित प्रत आईने आतापासूनच एका पिशवीत वेगळी काढून ठेवली आहे.